स्टुअर्डांच्या निर्णयांतील विसंगती कशी तपासावी

मालवणातील आमच्या घराच्या पडवीत आम्ही नातेवाईक आणि शेजारी मिळून अनेक वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यती पाहतो. १४ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री ब्राझीलची शर्यत पाहताना आलेला संताप मात्र अजून शमलेला नाही. अठ्ठेचाळिसाव्या फेरीत, चौथ्या वळणावर, मर्सिडीज संघाचा चालक हॅमिल्टन बाहेरच्या बाजूने पुढे जात असताना वेरस्टॅपेनने इतक्या उशिरा ब्रेक लावला की दोन्ही गाड्या ट्रॅकबाहेर गेल्या, आणि तरीही चौकशीची गरज नसल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी ४ जुलैला ऑस्ट्रियात, बाहेरून जाणाऱ्या पेरेझला खडीत जावे लागले म्हणून नॉरिसला पाच सेकंदांचा दंड झाला होता. त्याच शर्यतीत लेक्लेर्कला दोनदा बाहेर घालवल्याबद्दल पेरेझलाही पाच-पाच सेकंदांचे दोन दंड झाले. एकाच हंगामात, एकाच प्रकारच्या कृतीला स्टुअर्डांकडून, म्हणजे शर्यतीतील दंड ठरवणाऱ्या पंचांकडून, असे दोन न्याय मिळाले तर चाहत्याने रागावणे रास्तच आहे. तो राग मुद्देसूद मांडता यावा, यासाठी आम्ही पाळत असलेली पद्धत येथे देत आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्टुअर्डांचा निर्णय येण्यापूर्वी आपला निर्णय वहीत लिहून ठेवावा. एकदा निर्णय कळला की आपला आवडता चालक आपल्याही नकळत आपल्या स्मृतीत शिरतो. नोंदीत फेरी, वळण, कोण आतून व कोण बाहेरून जात होता, आणि वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपाशी, म्हणजे अपेक्सला, दोन्ही गाड्या एकमेकींच्या तुलनेत कोठे होत्या, हे यावे. यातील शेवटचा तपशील निर्णायक असतो. एफआयएने, म्हणजे मोटार शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेने, जून २०२५ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आतून पुढे जाणाऱ्याचा पुढचा आस (पुढची दोन चाके जोडणारा दांडा) अपेक्सपर्यंत समोरच्या गाडीच्या आरशाच्या बरोबरीने तरी असावा लागतो, तर बाहेरून जाणाऱ्याचा पुढचा आस अपेक्सला दुसऱ्या गाडीच्या पुढच्या आसाच्याही पुढे असावा लागतो. ही तत्त्वे आहेत, बंधनकारक नियम नव्हेत, हे मात्र लक्षात असू द्यावे. आमच्याकडे आषाढात शर्यतीच्या ऐन मध्यात वीज जाते. अशा वेळी जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्यापुढील जागा कोरी सोडावी आणि ऐकीव माहितीने भरू नये.

त्यानंतर दोष नेमका कोणाचा, हे ठरवावे. रेस डायरेक्टर शर्यत चालवतो आणि संशयास्पद प्रसंग स्टुअर्डांकडे पाठवतो. दंड स्टुअर्ड ठरवतात. २०२१ च्या अबू धाबीतील शर्यतीत हॅमिल्टन व वेरस्टॅपेन यांच्यामधील, एक फेरी मागे पडलेल्या पाचच गाड्यांना सेफ्टी कारच्या (अपघातानंतर सर्वांचा वेग रोखून धरणाऱ्या गाडीच्या) पुढे जाऊ दिले गेले, तो निर्णय रेस डायरेक्टरचा होता. स्टुअर्डांचे मंडळही शर्यतीगणिक बदलते. आमच्या गावोगावच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत पंच बदलला की वाइडची रेषा सरकते, हे आपण पाहतोच. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर त्या शर्यतीच्या स्टुअर्डांची नावेही लिहावीत. ती निर्णयपत्राच्या शेवटी असतात.

हे निर्णयपत्र एफआयएच्या संकेतस्थळावर मिळते व जेमतेम पानभर असते. त्यात घटना, नियमभंग, निर्णय आणि कारण हे भाग वेगवेगळे दिलेले असतात. बहुतेक जण निर्णय वाचून थांबतात. वाचायचे असते ते कारण. परिणामाच्या गांभीर्यावरून दंड मोजण्याचा मोहही टाळावा. २०२१ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनशी टक्कर झाल्यावर वेरस्टॅपेनला तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे लागले आणि दहा सेकंदांचा दंड भोगूनही हॅमिल्टनच जिंकला, तेव्हा अनेकांना तो दंड हास्यास्पद वाटला. परंतु स्टुअर्ड कृती तोलतात, तिचे परिणाम नव्हे. हे तत्त्व मला योग्य वाटते, आणि म्हणूनच ते सर्वांना सारखेच लागू व्हावे, असा माझा आग्रह आहे.

तुलना करताना नियम एकच असावा, आणि पहिल्या फेरीतील गर्दीतला प्रसंग नंतरच्या फेरीतील प्रसंगाशी ताडून पाहू नये. अशा काटेकोर तुलनेला वजन असते, याचा पुरावा मार्च २०२३ मध्ये सौदी अरेबियात मिळाला. आधीचा दंड भोगत थांबलेल्या गाडीवर काम करता येत नाही, पण अलोन्सोच्या गाडीला तेव्हा ती उचलण्याचा जॅक लागला, म्हणून त्याला आणखी दहा सेकंदांचा दंड देऊन तिसरे स्थान काढून घेण्यात आले. अ‍ॅस्टन मार्टिन या त्याच्या संघाने जॅक लागूनही दंड न झालेली सात पूर्वीची उदाहरणे दाखवली, आणि अलोन्सोला त्याचे स्थान परत मिळाले.

आम्ही अशा जोड्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितो: डावीकडे दंड झालेला प्रसंग, उजवीकडे सुटलेला, आणि दोहोंखाली स्टुअर्डांनी दिलेले कारण. ब्राझीलच्या प्रसंगात मर्सिडीजने नंतर मिळालेले गाडीवरील कॅमेऱ्याचे चित्रण पुढे करून फेरविचार मागितला, पण तोही नाकारला गेला. त्या पानावर डावीकडे ऑस्ट्रियातील कारण लिहिलेले आहे. उजवीकडील जागा रिकामी आहे, कारण शर्यतीच्या दिवशी चौकशीच झाली नाही.