दहावीनंतर आयटीआय: पसंतीक्रम भरताना घाई नको

डिग्रीचा खर्च झेपत नसेल किंवा मुलाचा ओढा हाताच्या कामाकडे असेल, तर सरकारी आयटीआयसारखा स्वस्त रस्ता मुंबईत दुसरा नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन, एसी-रेफ्रिजरेशन हे 2 वर्षांचे ट्रेड, म्हणजे शिकायचे व्यवसाय; वेल्डर 1 वर्षाचा. आमच्या चाळीतल्या मुलांचे अर्ज दरवर्षी मीच भरून देतो.

नोंदणी ऑनलाइन होते. जातीचा, उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा.

खरी मेख पसंतीक्रमात आहे, म्हणजे कोणता ट्रेड आणि कोणती संस्था आधी मागायची यात. ‘भराभर पर्याय टाका, काहीतरी लागेलच’ असं जो तो सांगतो. अजिबात ऐकू नका. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. धाकट्या भावाच्या वेळी मी घराजवळची संस्था बघून तिथला एक ट्रेड पहिला टाकला, आणि तोच लागला. पोराला वायरिंगचं वेड, शिकावं लागलं भलतंच. 2 वर्षं संध्याकाळी घरी येऊन तो गप्प बसायचा, ते मला अजून आठवतं.

म्हणून आधी ट्रेड, मग संस्था. कुर्ला, मुलुंड, अंधेरी, जिथे तो ट्रेड असेल तिथे अर्जाआधी मुलाला घेऊन जा. लोकलचा तासभर प्रवास परवडला, नको तो ट्रेड नाही परवडत. कार्यशाळेत डोकवा. लेथ म्हणजे लोखंड कातायचं मशीन; त्याखाली लोखंडाचा कीस पडलाय, त्याच्या फिरत्या पकडीला ताजं तेल लागलंय, म्हणजे मशीन चालतंय. मशीनवर झाकलेल्या प्लास्टिकवर धूळ साचली असेल तर ती संस्था पसंतीक्रमात खाली ढकला. बाहेर चहा पिणाऱ्या मुलांना विचारा, ‘मोटर स्वतः किती वेळा उघडलीस?’ खरं उत्तर तिथेच मिळतं. एवढं झाल्यावरच अर्ज पक्का करा.

पास झाल्यावर अप्रेंटिसशिप सोडू नका. शिकता शिकता विद्यावेतन मिळतं. माझगाव डॉक, रेल्वेची परळ-माटुंग्याची वर्कशॉप यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. रेल्वे दहावी आणि आयटीआय दोन्हींचे गुण धरते, त्यामुळे ‘दहावीचे मार्क आता कोण बघतंय’ हेही खोटं. आणि आधार व मार्कशीटवरच्या नावात एका अक्षराचाही फरक असेल, तर तो आजच दुरुस्त करायला टाका.