ज्यू इतिहासावर प्रकल्प लिहिताय? या चुका टाळा

प्रकल्पाची सुरुवात अब्राहामपासून. दहाव्या पानावर इ.स. ७० मध्ये रोमन सैन्य जेरुसलेमचं मंदिर पाडतं आणि अकराव्या पानावर थेट हिटलर येतो. मधली अठराशे-एकोणीसशे वर्षं गायब! विद्यार्थ्यांच्या लिखाणात हा घोटाळा सर्रास आढळतो. छळाचा इतिहास सांगायलाच हवा, पण दोन छळांच्या मधल्या काळात माणसं व्यापार करत होती, लग्नं लावत होती, एकमेकांशी भांडत होती. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) साठलेल्या जुन्या कागदांत बाराव्या शतकात मंगळूरला राहणाऱ्या अब्राहाम बेन यिजू या व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार सापडतो. मिरी, सुपारी, लोखंड, सगळा हिशेब त्यात आहे. असा एखादा माणूस धरा. ‘ज्यूंचा इतिहास’ हा काही साठ पानांत मावणारा विषय नव्हे.

दुसरी चूक धर्माच्या प्रकरणात होते. बायबलचा जुना करार चाळायचा आणि ‘ज्यू धर्म असं सांगतो’ म्हणून मोकळं व्हायचं. प्रत्यक्षात रोजचा धर्म घडला तो तालमुद या ग्रंथातल्या रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, वादांतून, आणि तिथे हरलेल्या पक्षाचं मतही जपून ठेवलेलं असतं. त्यातल्या ‘बाबा मेत्सिया’ भागातला, एका भट्टीच्या शुद्धतेवरून झालेला वाद बघा. रब्बी एलिएझर आपल्या बाजूने चमत्कार घडवून दाखवतात, आकाशवाणीसुद्धा त्यांच्याच बाजूने होते. तरी बाकीचे रब्बी ऐकत नाहीत. तोरा (देवाने दिलेलं धर्मशास्त्र) आता स्वर्गात नाही, निर्णय बहुमताने होईल, असं ते ठणकावतात. यातलं एलिएझर यांचं एकच वाक्य उचललंत तर अर्थ उलटाच होईल. तेव्हा कोण बोलतंय, कोणाला उत्तर देतंय आणि शेवटी काय ठरलं, हे तिन्ही लिहा. संदर्भ देताना पीडीएफचा पान क्रमांक नको. भागाचं नाव, पत्र (म्हणजे दोन बाजूंचं पान) क्रमांक आणि त्याची बाजू द्या. हा वाद ५९ व्या पत्राच्या दुसऱ्या बाजूवर आहे.

आपल्याकडचा विषय घेतला की वेगळीच गडबड. कोकणातले बेने इस्रायली, कोचीनचे ज्यू आणि बगदादकडून आलेले बगदादी हे तीन निराळे समाज एका परिच्छेदात कोंबले जातात. पुण्याचं लाल देऊळ हे सिनेगॉग डेव्हिड ससूनचं, म्हणजे बगदाद्यांचं. मुंबईतलं १७९६ चं ‘शार हारहमीम’ सॅम्युएल इझिकेल दिवेकरांचं, म्हणजे बेने इस्रायलींचं. ही सरमिसळ परीक्षकाला पहिल्या पानावरच दिसते.

कोकणात नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही बेने इस्रायलींच्या आगमनाची कथाही तारखेसकट इतिहास म्हणून लिहू नका. ती समाजाची परंपरा आहे, तशीच नोंदवा. मिशनऱ्यांचे अहवाल भरवशाचे वाटतात, पण त्यांना धर्मप्रसार करायचा होता हे डोक्यात असू द्या. त्यापेक्षा समाजाने स्वतः छापलेलं बघा. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या वल्हांडणाच्या (पासओव्हर सणाच्या) पोथीत हिब्रूसोबत मराठी भाषांतर आहे आणि चित्रात साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. त्या एका पानावर अख्खं प्रकरण उभं राहील.

तारखांचं गणित हमखास चुकतं, म्हणून थोडं सविस्तर. थडग्यावर हिब्रू अक्षरांत साल असतं आणि बहुधा हजाराचा आकडा गाळलेला असतो. ताव, रेश, मेम, हेत म्हणजे ४०० + २०० + ४० + ८ = ६४८, अर्थात ५६४८. ६४८ मध्ये १२४० मिळवले की १८८८ येतं. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. त्यामुळे ज्यू महिना किस्लेव (नोव्हेंबर-डिसेंबर) असेल तर साल १८८७, निसान (मार्च-एप्रिल) असेल तर १८८८. तेवेत महिना बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत पसरतो. तिथे पंचांग उघडल्याशिवाय लिहू नका. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून रात्रीच्या मृत्यूची तारीख एकाने पुढे दिसते. अधिक महिना आपल्यासारखाच आहे, १९ वर्षांत सात वेळा. फक्त तो नेहमी अदार (फेब्रुवारी-मार्च) महिन्याचाच असतो. कोकणातल्या थडग्यांवर पुष्कळदा मराठी मजकूरही असतो. आधी तो वाचा, मग हिब्रू ताडून बघा. दोन्ही जुळले नाहीत तर गुपचूप एक निवडू नका, तळटीपेत तसं सांगा.

राहिला सिनेगॉगला जाण्याचा प्रश्न. सुट्टी आहे म्हणून शनिवारी वही-कॅमेरा घेऊन थडकू नका. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शुक्रवारी संध्याकाळी लागतो आणि शनिवारी रात्री सुटतो. त्या वेळात लिहिणं, फोटो काढणं दोन्ही वर्ज्य. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर सणांची रांगच लागते. आधी परवानगी मागा, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाका. आणि पहिल्याच भेटीत ‘तुम्ही इस्रायलला का गेला नाहीत?’ हे विचारू नका. घरातले निम्मे लोक इस्रायलमधल्या लोद नाहीतर अश्दोदला असतात आणि हा प्रश्न त्यांनी शंभरदा ऐकलेला असतो. त्यापेक्षा मलिदा या त्यांच्या विधीच्या ताटात काय काय लागतं ते विचारा, चांगला तासभर बोलतील.