परक्या वकिलाचं जुनं दप्तर कसं वाचावं

नाशिकच्या कोर्टात वकिलांकडे कारकुनी करण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे अठराव्या शतकातल्या अमेरिकन वकिलांची पत्रं म्हटली की मला स्वातंत्र्ययुद्ध आठवत नाही, वसुली आठवते. जॉन अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन हे अमेरिकेचे संस्थापक पुढे कितीही मोठे झाले तरी तिघांनी वकिली केली, आणि त्या काळच्या वकिलाचं बरंचसं दप्तर थकलेल्या उधारीचंच असे. निफाडच्या बागायतदाराचा माल उचलून व्यापारी गायब झाला की येतात, तसलीच प्रकरणं.

'फाउंडर्स ऑनलाइन' या साइटवर तिघांचाही पत्रव्यवहार फुकट वाचता येतो, पण तो टाइप केलेला. हॅमिल्टनच्या मूळ कागदांचे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. ते उघडलेत तर आधी मागची बाजू बघा. पाकिटं नव्हती, कागदच दुमडून लाखेने बंद करत. ज्याला पत्र मिळालं तो घडीच्या बाहेर पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून ठेवी. ती झाली तुमची आवक नोंद. पत्राचा शेवट 'आपला आज्ञाधारक सेवक' छापाचा; शेवटच्या चार ओळी बिनधास्त सोडा.

तारखेपाशी मात्र थांबा. 'इन्स्ट.' म्हणजे चालू महिना, 'अल्ट.' म्हणजे मागचा. १७५२ पूर्वी इंग्रजांच्या मुलखात कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून 'फेब्रुवारी १७४१/२' असं दिसतं. ते आपल्या हिशेबाने १७४२ धरा. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ उजाडली. मधल्या तारखेचं पत्र सापडलं तर माझ्यासारखा खडूस कारकून आधी नक्कल करणाऱ्यावर संशय घेईल.

आता पैसे. इथेच भलेभले घसरतात. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, इतकं सोपं आहे. पण पौंड कुठला? प्रत्येक वसाहतीचा वेगळा. मोजायला सगळ्यांकडे स्पॅनिश चांदीचा डॉलर होता: न्यूयॉर्कात तो ८ शिलिंगांचा, मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियात ६ चा, पेनसिल्व्हेनियात साडेसातचा, आणि खुद्द इंग्लंडच्या स्टर्लिंगमध्ये साडेचारचा. म्हणजे पत्रात '१०० पौंड येणे' असेल तर न्यूयॉर्कात ते २५० डॉलर, बोस्टनला ३३३ च्या वर आणि लंडनच्या सावकाराचं स्टर्लिंग असेल तर ४४४. वहीत रकमेशेजारी गावाचं नाव लिहिल्याशिवाय बेरीज करू नका.

समुद्रापारच्या देण्याघेण्याला हुंडीसारखं बिल चाले. आपल्याकडे हुंडी हरवली तर पेठ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर परपेठ निघे. तिकडचे लोक बिलाच्या मुळातच दोन-तीन प्रती लिहून वेगवेगळ्या जहाजांनी धाडत. एकीचे पैसे चुकते झाले की बाकीच्या रद्द. त्यामुळे सारख्या रकमेचे तीन कागद दिसले म्हणून तिप्पट कर्ज मांडू नका. मोठ्या पत्रांच्याही अशाच प्रती जात.

जावक शोधायची तर वकिलाची नकलवही बघा. ती नसेल तर त्याचं पत्र पक्षकाराच्या घरच्या कागदांत असतं. म्हणून शोध नेहमी दोन्ही नावांनी घ्यावा.

सरावाला १७८४ चं रटगर्स विरुद्ध वॅडिंग्टन घ्या. न्यूयॉर्क ब्रिटिशांच्या ताब्यात असताना एका विधवेचा बिअरचा कारखाना दुसऱ्यांनी चालवला. तिने भाड्याचा दावा लावला आणि हॅमिल्टन प्रतिवादीकडून उभा राहिला. ब्रिटिश सरसेनापतीची परवानगी होती त्या काळाचं भाडं कोर्टाने नाकारलं, आधीच्या काळाचं मान्य केलं. सगळं फिरलं ते परवानगी कुणी आणि केव्हा दिली यावर. तेव्हा आधी तारखांचा रोजनामा मांडा, मगच हॅमिल्टनचा युक्तिवाद उघडा.