अ‍ॅक्सेस पॉइंटचे अँटेना कसे ठेवावेत

अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे वाय-फायचा सिग्नल देणारं यंत्र. त्याच्या काडीसारख्या अँटेनाच्या टोकातून सिग्नल जवळपास निघतच नाही; तो काडीभोवती, टायरच्या आकारात पसरतो. त्यामुळे टोक वापरणाऱ्याकडे रोखून काहीच साधत नाही. एकाच मजल्यासाठी सगळे अँटेना सरळ उभे ठेवा. वरच्या मजल्यावरही रेंज हवी असेल तर एक आडवा करा. मात्र त्याच मजल्यावरचा जोर थोडा घटेल.

छताला लावायचा चपटा अ‍ॅक्सेस पॉइंट भिंतीवर ठोकू नका. त्याचा बराच सिग्नल वरच्या-खालच्या मजल्यांकडे वाया जातो. फॉल्स सीलिंगच्या वर लपवणं त्याहून वाईट, कारण तिथे डक्ट आणि पाइप असतात. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडची तरंगलांबी सुमारे १२.५ सेंमी, धातू त्याहून जवळ असला की अँटेनाचा पसाराच बिघडतो. अर्धा-एक मीटर अंतर सोडा.

अँटेना वेगळा लावत असाल तर केबल आखूड ठेवा: लांब केबलमध्ये सिग्नल घटतो, आणि दर ३ डेसिबल घटीला निम्मी शक्ती जाते.

शेवटी दारं बंद करून, फोनवरच्या वाय-फाय अ‍ॅनालायझरने कोपऱ्यांतला सिग्नल तपासा; त्याचा जोर डीबीएम या एककात दिसतो. व्हिडिओ कॉलसाठी -६७ डीबीएम किंवा त्याहून चांगलं (म्हणजे शून्याच्या जवळचं) वाचन हवं. आकडा चांगला असूनही कॉल अडखळत असेल, तर अँटेना हलवत बसू नका; २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ पैकी मोकळा चॅनल निवडा.