लंडन-पॅरिस विमानाने किती वेळ? हिशोब कसा लावायचा

मुलं लंडनला असली की आईबाबा फिरायला येतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, इथून पॅरिस किती लांब रे? तर सरळ रेषेत साधारण 344 किमी, म्हणजे पुणे-पणजी सरळ रेषेत जेवढं आहे ना जवळपास तेवढंच. स्वतः बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर गूगल मॅप्स उघडा, लंडनवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा ऑप्शन घ्या, मग पॅरिसवर क्लिक करा, झालं. रस्त्याने हेच अंतर साडेचारशेच्या आसपास जातं, आणि मधे समुद्र आहे, म्हणजे गाडी इंग्लंडच्या फोकस्टनला ट्रेनवर चढवून बोगद्यातून फ्रान्सच्या कॅलेला न्यायची.

आता वेळ. जेट विमान वर गेलं की ताशी 800 च्या आसपास जातं, म्हणून लोक 344 ला 800 ने भागतात आणि सव्वीस मिनिटं म्हणून खूश होतात. पण एवढ्याशा फेरीत विमान नीट वर जातंय तोवर उतरायलाच लागतं, म्हणून उत्तरात अर्धा तास मिळवायचा. हवेतला वेळ पाऊण ते एक तास. तिकिटावर मात्र सव्वा तास नाहीतर एक-वीस दिसेल, कारण तो गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा धरतात, रनवेच्या रांगेत उभं राहणं त्यातच आलं.

खरा घोळ घड्याळाचा. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे, उन्हाळा असो की हिवाळा, कारण घड्याळं दोन्हीकडे एकाच दिवशी बदलतात. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. म्हणजे 10 ला निघून 12:20 ला पोचलात तर प्रवास एक तास वीस मिनिटांचा, दोन-वीसचा नाही. परतीला उलटं, 12 ला सुटलं आणि 12:20 ला लंडन! मला पहिल्यांदा वाटलं साइटच गंडलीय.

पण नुसता विमानाचा वेळ बघून बुकिंग करू नका हां. घरून हीथ्रो गाठा, दोन तास आधी पोचा, उतरल्यावर पासपोर्टची लाइन, मग शार्ल द गॉल एअरपोर्ट शहरापासून 25 किमी, तिथून आरईआर बी ही लोकल ट्रेन पकडा... पाच तास कुठेच गेले नाहीत. युरोस्टार ट्रेन लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून सुटते आणि सव्वादोन-अडीच तासात थेट पॅरिसच्या आत उतरवते, फ्रान्सचा पासपोर्ट चेकसुद्धा लंडनलाच उरकतो, तासभर आधी गेलं की बास. त्यामुळे पॅरिसहून पुढचं विमान पकडायचं नसेल तर मी तरी ट्रेनच सांगेन. विमान असो की ट्रेन, फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतोच, यूकेचा चालत नाही.

आणि एक, पॅरिसचं तिकीट फारच स्वस्त दिसलं तर एअरपोर्टचं नाव वाचा. बोव्हे लिहिलं असेल तर ते पॅरिसपासून 80 किमीच्या वर आहे, पुढे बसने आणखी तास-सव्वा तास.