कोंबड्यांत बदकं सोडताय? मग खाद्य बदकाच्या हिशोबानं करा

कोंबड्यांत दोन-चार बदकं सोडली तर चालतील का, असं इकडं परभणी-जिंतूरच्या बाजारात बाया हमखास विचारतात. सोडा की! तळं लागत नाही, खाद्यही एकच चालतं. फक्त ते बदकाच्या हिशोबानं करायचं. बदकाला मानवलेलं खाद्य कोंबडी मुकाट खाते. कोंबडीचं बदकाला मानवेलच असं नाही.

पिलं मात्र पहिले तीन आठवडे वेगळी ठेवा. बदकाचं पिलू पाणी उडवतं, सगळं तूस ओलं करतं, आणि ओल्या तुसात कोंबडीच्या पिलांना रक्ताची हगवण लागते. दोघांनाही २० ते २२ टक्के प्रोटीनचं चिक स्टार्टर, म्हणजे पिलांचं सुरुवातीचं तयार खाद्य द्या, पण बदकासाठी औषध न मिसळलेलं पोतं घ्या. बदक खातं जास्त, त्यामुळं औषधही पोटात जास्त जातं. पोत्याला शिवलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता पायांचं. बदकाच्या पिलाला दर किलो खाद्यात साधारण ५५ मिलिग्रॅम नायसिन (एक ब जीवनसत्त्व) लागतं, कोंबडीच्या पिलाला तीस-पस्तीसात भागतं. ते कमी पडलं की पायाचा मधला सांधा सुजतो, पाय वाकतात, पिलू चार पावलं चालून बसतं. लगेच ओळखलं तर सावरतं, पाय पुरते वाकल्यावर काही उपयोग नाही. मक्यात नायसिन असतं, पण ते बांधलेलं, अंगी लागत नाही. म्हणून नुसता मक्याचा भरडा टाकणाऱ्यांची बदकं लंगडतात. किलोभर खाद्यात ५० ग्रॅमच्या आसपास ब्रुअर्स यीस्ट (बियर गाळताना उरणारं, वाळवलेलं यीस्ट) मिसळा. पाव फुगवायचं यीस्ट ते हे नव्हे.

शेंगदाण्याच्या पेंडीतही नायसिन भरपूर, आणि घाण्यावर ती सहज मिळते. पण तिला बुरशी लवकर धरते, आणि बुरशीचं विष बदकाइतकं दुसऱ्या कुणाला क्वचितच बाधतं. १९६० मध्ये इंग्लंडात अशाच पेंडीनं टर्कीची लाखावर पिलं मेली, बदकांचीही मेली. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन सापडलं. हे विष भाजूनही पुरतं जात नाही. आपल्याकडं परतीच्या पावसात भिजलेला मका बाजारात पडेल त्या भावानं जातो आणि लोक म्हणतात, कोंबड्यांना चालतंय. बदकं असतील त्या घरी नाही चालत. वास घ्या, दाणा फोडून आत बघा, काळा-हिरवा दिसला तर शेणखड्ड्यात टाका. मी पेंड आठवड्यापुरतीच आणते.

तीन आठवड्यांनंतर घरचं मिश्रण जमतं. १०० किलोला मक्याचा भरडा ५५, सोयाबीनची ढेप २५, गव्हाचा कोंडा १७, आणि पोल्ट्रीचं मिनरल-व्हिटॅमिन मिक्स्चर ३ किलो. प्रोटीन १८ टक्क्यांच्या घरात बसतं. यीस्ट वरून. थोड्या मक्याच्या जागी ज्वारी चालते. घरचं कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यानं प्रोटीन पचत नाही. तेल काढलेली ढेप घ्या. आणि सरकी पेंड म्हशीलाच ठेवा. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी द्रव्यानं पिलांची वाढ खुंटते, अंड्याचा बलक काळपट-हिरवा पडतो, मग गिऱ्हाईक परत येत नाही.

खाद्य पाणी शिंपडून ओलसर करा, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा इतकंच. कोरडी भुकटी बदकाच्या घशात अडकते. ओलं खाद्य तासा-दोन तासांत संपेल एवढंच टाका; उन्हाळ्यात ते दुपारपर्यंत आंबतं.

पाणी खाद्याच्या शेजारीच हवं, कारण बदक घास घेतं आणि पाण्याकडं पळतं. भांडं इतकं खोल की नाकपुड्या आणि डोळे बुडतील. पण उघड्या घमेल्यात कोंबडीची पिलं बुडून मरतात. झाकणाच्या बादलीला बाजूनं बदकाचं डोकं जाईल एवढी भोकं पाडा, खाली खडीचा खड्डा करा, म्हणजे चिखल होत नाही. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात एवढं पाणी वाया कसं घालवायचं? घालवायचंच नाही. बादली मेथीच्या वाफ्यात नाहीतर लिंबाच्या आळ्यात ओता, ते खतच आहे. उन्हं चढायच्या आत आणि सांजच्याला खाऊ घाला; भर दुपारी फक्त सावली आणि गार पाणी.

लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, पोत्यानं आणून सगळ्यांपुढं ओतायची सवय लई वाईट. त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. ते अंडी घालणारीला हवं, वाढत्या पिलांच्या आणि नराच्या किडनीला ते जड जातं. सगळ्यांना वरचंच मिश्रण द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या खापरात ठेवा. जिला लागतो ती आपण होऊन टिपते. दुसऱ्या खापरात बारीक वाळू-खडे असू द्या, दात नसलेल्यांची चक्की ती.