हातातल्या कन्सोलवर कॉलेज फुटबॉल खेळताना या चुका टाळा

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम, चौथा क्वार्टर, चार यार्ड हवे आहेत. चेंडू झेलणारा रिसीव्हर आतल्या बाजूला वळतो, तुम्ही बटण दाबता, आणि चेंडू त्याच्या पाठीमागून थेट समोरच्या संघाच्या लाइनबॅकरच्या हातात जातो. हीच खेळी काल दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसून तीनदा जमली होती. आज बेडरूममध्ये प्लेस्टेशन पोर्टल हे सोनीचं छोटं यंत्र हातात घेऊन खेळताना एकदाही जमेना.

मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतो. इथे एमएससाठी आलेली मराठी मुलं पहिल्याच सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लाल-करड्या रंगात रंगतात. जानेवारी २०२५ मध्ये टीमने नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, तेव्हापासून तर घराघरात हा गेम आहे. पुढे संसार होतो, भारतातून आईबाबा येतात, संध्याकाळचा टीव्ही त्यांच्या मालिकांसाठी राखीव होतो आणि गेम हातातल्या छोट्या पडद्यावर येतो. मग ‘मला आता जमतच नाही’ असे फोन सुरू होतात. बहुतेक वेळा जमत असतं. बटण आणि पडदा यांच्यामध्ये उशीर शिरलेला असतो, आणि तो नेमका कुठून शिरला हे शोधून काढता येतं.

खरेदीच्या वेळीच होणारी चूक

२०१३ च्या एनसीएए फुटबॉल १४ नंतर ही मालिका अकरा वर्षं बंद होती. खेळाडूंचं रूप आणि ओळख वापरायची पण त्यांना पैसे द्यायचे नाहीत, या प्रथेविरुद्ध बास्केटबॉलपटू एड ओबॅनन २००९ मध्ये कोर्टात गेले आणि त्या वादात गेमच थांबला. १९ जुलै २०२४ ला कॉलेज फुटबॉल २५ आला, तोही फक्त पीएस ५ (प्लेस्टेशन ५) आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी. जुलै २०२५ चा कॉलेज फुटबॉल २६ सुद्धा पीसीशिवायच आला. म्हणून ‘स्टीम डेक घेतो आणि त्यात टाकतो’ हा बेत फसतो, कारण डेक हातातलं यंत्र असलं तरी चालवतो पीसीचे गेम. या दोन्ही गेमची पीसी आवृत्तीच नाही, तर टाकणार काय?

पोर्टलही स्वतः गेम चालवत नाही. रिमोट प्ले या सोयीत गेम घरातला पीएस ५ चालवतो, पोर्टलवर त्याचं चित्र येतं आणि तुमची बटणं परत जातात. मित्राला पोर्टल भेट देण्याआधी त्याच्याकडे पीएस ५ आहे ना, हे त्याच्या घरच्यांना विचारून घ्या. डेक आधीपासून असेल तर चियाकी-एनजी या मोफत ॲपने त्यावरही पीएस ५ खेळता येतो. तिथे चित्राची स्पष्टता (रिझोल्यूशन) ७२० वर ठेवा. डेकचा पडदाच १२८० बाय ८०० चा आहे. १०८० मागवून पडद्यावर फारसं काही वाढत नाही, वाय-फायवरचा भार मात्र वाढतो.

गेम खरोखर हातातल्या यंत्रातच चालायला हवा असेल, विमानात, नेटशिवाय, तर पीएसपी हे सोनीचं जुनं हातातलं यंत्र शोधा. त्यावर एनसीएए फुटबॉल ०७, ०९ आणि १० आले होते. पीएसपीचे गेम कोणत्याही देशातल्या यंत्रावर चालतात. उजवी स्टिक नाही आणि टीम जुन्या आहेत, हे मात्र मान्य करून घ्या.

पीएस ५ वाय-फायवर ठेवणं

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथे संपतात. लोक पोर्टलचा वेग मोजतात, राउटर बदलतात, आणि पीएस ५ मात्र टीव्हीखालच्या बंद कपाटात वाय-फायवर तसाच. म्हणजे चित्र आधी हवेतून राउटरकडे जातं आणि पुन्हा हवेतूनच पोर्टलकडे. त्याच हवेत घरातले सगळे फोनही बोलत असतात. पीएस ५ ला राउटरपासून केबल ओढा. एवढ्याने हवेतला एक टप्पा पूर्ण वगळला जातो. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, तेव्हा पायपट्टीच्या कडेने चपटी केबल सरकवता येते. आमच्याकडे चार वर्षं तशीच आहे.

पोर्टलसाठी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळ्या नावाने ठेवा आणि तेच जोडा. राउटरच्या २.४ आणि ५ या दोन्ही नेटवर्कना एकच नाव असलं की यंत्र कधी २.४ वर जाऊन बसतं ते कळत नाही, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की चित्राचे चौकोन पडतात. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर दमतं, म्हणून राउटर कपाटाबाहेर, उंचावर हवा.

दोष कुठे आहे ते पाहायची माझी रीत सांगतो. सराव मोडमध्ये चाळीस यार्डांवरून दहा फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायच्या किक, टीव्हीवर मारा. मग राउटरशेजारी बसून पोर्टलवर दहा, आणि शेवटी नेहमीच्या खोलीत दहा. किकचं मीटर उशिराला सगळ्यात आधी कबुली देतं. राउटरशेजारीही चुकत असतील तर घोळ पीएस ५ आणि राउटर यांच्यामध्ये आहे. फक्त खोलीत चुकत असतील तर भिंती आणि अंतर. टीव्हीवरही चुकत असतील तर मात्र सराव हवा.

घराबाहेर पडल्यावर डाउनलोडचा वेग पाहणं

हॉटेलच्या वाय-फायचा वेग पाहून लोक खूश होतात. पण चित्र घरून निघतं, म्हणून महत्त्वाचा असतो घरच्या कनेक्शनचा अपलोड. इथे केबल कनेक्शनवर ३०० एमबीपीएस डाउनलोड आणि जेमतेम १० अपलोड हे नेहमीचं दृश्य आहे. सोनीच्या मते किमान ५ लागतात आणि चांगल्या खेळासाठी १५. घरी त्याच वेळी कुणी फोटो क्लाउडवर चढवत असेल तर ते १० सुद्धा तुमचे नाहीत.

निघण्याआधी पीएस ५ मध्ये रिमोट प्ले सुरू आहे ना ते बघा. मग पॉवर सेव्हिंगमध्ये जाऊन रेस्ट मोडमध्ये इंटरनेटला जोडलेलं राहणं आणि नेटवर्कवरून कन्सोल चालू करणं, हे दोन्ही पर्याय चालू करा. दुसरा राहिला तर विमानतळावर बसून तुम्ही झोपलेल्या यंत्राला हाका मारत राहाल. रेस्ट मोडमधून उठल्यावर गेम सर्व्हरपासून तुटलेला असतो, हेही लक्षात असू द्या. मित्रांसोबतची ऑनलाइन डायनॅस्टी (कोच होऊन अनेक हंगाम टीम चालवायचा मोड) असेल तर अर्धा सामना तसाच सोडून यंत्र झोपवू नका.

आणि पुण्याला सुट्टीवर गेल्यावर कोलंबसचा पीएस ५ चालवायचा बेत सोडून द्या. अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे अगदी सरळ तार असती तरी जाऊन येऊन १३० मिलिसेकंद गेले. प्रत्यक्षात तारा समुद्रातून वळसे घेत जातात. सेकंदाला ६० चित्रांच्या गेममध्ये १३० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ आठ चित्रं, आणि तेवढ्यात बचावातला कॉर्नरबॅक चेंडूसमोर येऊन उभा राहतो. डायनॅस्टीमधली खेळाडूंची भरती, वेळापत्रक, कोचची कामं मात्र तिथून आरामात करता येतात. मी गेल्या डिसेंबरात कोथरूडच्या गॅलरीत बसून पूर्ण भरती हंगाम उरकला.

गेमने मुद्दाम केलेला गोंधळ नेटचा समजणं

पाहुण्या मैदानात खेळताना पडदा थरथरतो, आखलेले मार्ग वाकडेतिकडे दिसतात, रिसीव्हरवरची बटणांची चिन्हं ओळखू येत नाहीत. हा गेमचाच भाग आहे. प्रेक्षकांच्या गदारोळाचा परिणाम कच्च्या, कमी संयमाच्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्यावर) जास्त होतो. कॉलेज फुटबॉल २५ मध्ये सगळ्यात अवघड मैदान ठरवलं होतं टेक्सास ए अँड एमचं काइल फील्ड. खऱ्या काइल फील्डमध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि तिथला आवाज ऐकलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. एका मित्राने तिथला सामना खेळून दुसऱ्या दिवशी नवा राउटर आणला. फरक ओळखायला सोपा आहे. गेम थांबवून मेनू उघडा. मेनूतही चौकोन पडत असतील किंवा आवाज अडखळत असेल तर नेट. मेनू स्वच्छ असेल तर प्रेक्षक.

टीव्हीवरची खेळण्याची पद्धत तशीच ठेवणं

थोडा उशीर उरतोच, तेव्हा खेळ त्याला साजेसा करा. पासिंगमध्ये अचूकतेचं मीटर असलेली पद्धत बंद करून क्लासिक लावा. बटण दाबून धरलं की बुलेट पास, म्हणजे वेगवान फेक, जातो, आणि धरायला क्षणभर उशीर झाला तरी तो खपून जातो. नाजूक टच पासला मात्र तेवढी सवलत नसते. रिसीव्हर वळल्यावर नव्हे, वळायला पाय रोवताना फेका.

रीड ऑप्शनचं, म्हणजे समोरचा खेळाडू पाहून चेंडू द्यायचा की ठेवायचा ते ठरवायच्या खेळीचं, थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण कॉलेज फुटबॉलची खरी मजा तिथे आहे. ज्याला मुद्दाम मोकळा सोडलाय त्या बचावाच्या कडेच्या खेळाडूकडे, डिफेन्सिव्ह एंडकडे, बघायचं. तो चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकवर झेपावला तर चेंडू स्वतःकडे ठेवायचा, जागेवर थांबला तर द्यायचा. द्यायचा असेल तर क्रॉसचं बटण धरून ठेवावं लागतं. निर्णयाची खिडकी इवलीशी, त्यात उशीर. म्हणून मी उलटं करतो. स्नॅप होताच, म्हणजे चेंडू खेळात येताच, बटण धरूनच ठेवतो आणि एंड स्पष्टपणे आत घुसताना दिसला तरच सोडतो. चुकलं तरी दोन यार्ड मिळतात, चेंडू हातातून निसटत नाही.

कॉलेजच्या मैदानात हॅश मार्क (चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन ओळी) एकमेकांपासून ४० फूट दूर असतात, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा. त्यामुळे चेंडू एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला प्रचंड मोकळी जागा राहते, आणि आठ इंची पडद्यावर ती नजरेतून सुटते. कॅमेरा थोडा रुंद ठेवा, अगदी लांबचा नको, नाहीतर चिन्हं वाचता येत नाहीत.

दोन छोट्या गोष्टी

पोर्टलला ब्लूटूथ हेडफोन जोडता येत नाहीत. साधे वायरवाले वापरा, ३.५ मिलिमीटरचे.

आणि पोर्टलवर टचपॅड पडद्यावरच आहे. कडेला अंगठा दोनदा टेकला की तो ‘दाबला’ जातो, आणि स्नॅपआधी टचपॅड म्हणजे टाइमआउट. हाफमध्ये मिळतात तीनच. मिशिगनविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत एकही उरला नव्हता, तेव्हा मला हे समजलं. आता खेळताना अंगठे स्टिकवरून उचलतो ते सरळ बटणांवर नेतो आणि पडद्याचा डाग सामना संपल्यावरच पुसतो.